एचडी सिनेमासाठी टीव्हीचं रिझोल्यूशन किती लागतं, ते टेपने मोजा

टीव्हीचं रिझोल्यूशन जास्त असलं की सिनेमा जास्त स्पष्ट दिसतो का? दिसतो, पण एका ठराविक अंतराच्या आतच. त्याच्या पलीकडे बसलात तर डोळ्याला एकेक पिक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठिपका) वेगळा ओळखता येत नाही. मग पॅनेल फुल एचडी असो की ४के, सिनेमातला बारकावा तेवढाच दिसतो. हे अंतर पडद्याच्या उंचीवरून काढता येतं आणि एक साधं चित्र वापरून घरच्या घरी तपासताही येतं. नवा टीव्ही घ्यायचा असो की आहे त्या टीव्हीवर चित्र धूसर का दिसतं हे शोधायचं असो, सुरुवात इथूनच करा. धूसर चित्राचं खापर लोक पॅनेलवर फोडतात, पण दोष बरेचदा फाइलमध्ये, प्लेअरमध्ये किंवा टीव्हीच्या मेनूत दडलेला असतो.

पॅनेलवर नेमके किती पिक्सेल आहेत

७२०पी म्हणजे १२८० × ७२०, साधारण ९.२ लाख पिक्सेल. १०८०पी किंवा फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, २०.७ लाख. टीव्हीच्या खोक्यावर ४के किंवा अल्ट्रा एचडी लिहिलेलं असतं ते ३८४० × २१६०, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख.

यात सगळ्यात जास्त घोळ 'एचडी रेडी' या नावाने होतो. अशा बहुतेक टीव्हींचं पॅनेल १३६६ × ७६८ असतं. हा आकडा सिनेमाच्या कुठल्याही मापाशी जुळत नाही. ७२०पी चित्र त्यावर सुमारे १.०७ पट ताणावं लागतं आणि १०८०पी चित्र ०.७१ पट आकसावं लागतं. म्हणजे काहीही लावलं तरी चित्र नव्याने मोजूनच पॅनेलवर उतरतं आणि त्यात बारीक रेषा थोड्या मऊ होतात. याउलट ४के पॅनेलवर १०८०पीचा एक पिक्सेल बरोबर चार पिक्सेलांत (२ × २) बसतो आणि ७२०पीचा नऊ पिक्सेलांत. हिशेब पूर्णांकात सुटत असल्यामुळे ४के टीव्हीवर फुल एचडी सिनेमा खराब दिसेल ही भीती निराधार आहे.

माहितीपत्रक वाचताना 'नेटिव्ह रिझोल्यूशन' ही ओळ शोधा. '१०८०पी सपोर्ट' किंवा '४के सपोर्ट' याचा अर्थ एवढाच की उपकरण तसा सिग्नल आत घेतं; दाखवताना ते आपल्या पॅनेलच्या मापालाच आकसतं. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये हे सर्रास चालतं. वर 'फुल एचडी सपोर्ट' आणि आत नेटिव्ह ८५४ × ४८०. नेटिव्हचा आकडा कुठेच दिलेला नसेल तर तो प्रोजेक्टर घेऊ नका.

अंतराचा हिशेब

नेत्रतपासणीत सामान्य मानली जाणारी दृष्टी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. एक मीटर अंतरावर तो तपशील सुमारे ०.२९ मिलिमीटरचा, तर तीन मीटरवर ०.८७ मिलिमीटरचा होतो. पिक्सेल याहून लहान असेल तर शेजारचे दोन पिक्सेल डोळ्यात एकमेकांत मिसळतात. यावरून एक सोपं सूत्र निघतं (ओळ म्हणजे पिक्सेलांची एक आडवी रांग):

डोळ्याला दिसू शकणाऱ्या ओळी = पडद्याची उंची ÷ बसण्याचं अंतर × ३४४०

दोन्ही मापं एकाच एककात घ्या. पडद्याची उंची कडेची चौकट सोडून मोजा. अंतर सोफ्याच्या कडेपासून नव्हे, तर टेकून बसल्यावर डोळा असतो तिथपासून काचेपर्यंत मोजा. या दोन जागांमध्ये अर्धा मीटरसुद्धा फरक निघू शकतो आणि तेवढ्याने उत्तर बदलतं.

४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३.५ सेंटिमीटर असते. तीन मीटरवर बसलात तर ५३.५ ÷ ३०० × ३४४० = सुमारे ६१३ ओळी. म्हणजे या जागेवरून ७२०पीच्या ७२० ओळीसुद्धा पूर्ण वापरल्या जात नाहीत. तोच टीव्ही दीड मीटरवरून पाहिला तर १,२२७ ओळी दिसू शकतात. तिथे फुल एचडी पुरतं वापरलं जातं आणि ४केचा थोडासा फायदाही मिळतो. ५५ इंची (उंची ६८.५ सेंटिमीटर) तीन मीटरवरून सुमारे ७८५ ओळी देतो. ६५ इंची (उंची ८१ सेंटिमीटर) दोन मीटरवरून जवळपास १,४०० ओळी देतो. ही जागा ४केसाठी पैसे मोजावेत अशी आहे, जरी त्याच्या २१६० ओळी पूर्ण वसूल होत नसल्या तरी.

हाच हिशेब उलटा मांडला की लक्षात ठेवायला सोपे गुणक मिळतात. ७२०पीसाठी पडद्याच्या उंचीची ४.८ पट, एचडी रेडी पॅनेलसाठी ४.५ पट, फुल एचडीसाठी ३.२ पट आणि ४केसाठी १.६ पट. हे त्या त्या रिझोल्यूशनचं सीमाअंतर. त्याहून जवळ गेलात तर पिक्सेल जाणवू लागतात. त्याहून लांब गेलात तर पॅनेलची काही क्षमता वाया जाते. फुल एचडीचं सीमाअंतर ३२ इंचाला १.३ मीटर, ४३ इंचाला १.७, ५५ इंचाला २.२, ६५ इंचाला २.६ आणि ७५ इंचाला ३ मीटर येतं. ४केसाठी या प्रत्येकाचं निम्मं.

तुमची जागा फुल एचडीच्या सीमाअंतराच्या आत असेल तर ४के पॅनेलचा फरक दिसेल. बाहेर असेल तर त्याच मापाचा ४के घेऊन बारकावा वाढणार नाही. तिथे दोनच उपाय आहेत: पडदा मोठा घ्या किंवा खुर्ची पुढे सरकवा. खुर्ची सरकवायला काही खर्च नाही, तेव्हा आधी तेच करून पाहा. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा ३० ते ४० अंशांचा भाग व्यापावा असा संकेत आहे. त्यासाठी कर्णाच्या १.६ ते १.२ पट अंतरावर बसावं लागतं. ५५ इंचासाठी हे सव्वादोन ते १.७ मीटर होतं. बहुतेक घरांत लोक यापेक्षा बरेच मागे बसतात, आणि रिझोल्यूशनचा वाद तिथेच निकाली निघतो.

मात्र या सूत्राला घट्ट भिंत समजू नका. तरुण, निकोप डोळे सामान्य मापापेक्षा थोडं अधिक बारीक पाहतात. तिरक्या रेषेतल्या पायऱ्या आणि सबटायटलच्या अक्षरांच्या कडा सीमाअंतराच्या जरा पलीकडूनही जाणवतात, कारण रेषेतला तुटकपणा ओळखण्यात डोळा विलक्षण तरबेज असतो. म्हणून हिशेबात दहा-पंधरा टक्के मोकळीक धरा.

एका पिक्सेलच्या रेषांची चाचणी

सूत्रावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी मोजलेलं बरं. या चाचणीतून दोन गोष्टी एकदम कळतात: तुमचा टीव्ही सिग्नलचा प्रत्येक पिक्सेल जागच्या जागी दाखवतो का, आणि तुमच्या डोळ्यांची हद्द कुठे संपते.

संगणकावर गिंपसारख्या चित्र-संपादकात २ × २ पिक्सेलचं चित्र तयार करा. डावा स्तंभ काळा, उजवा पांढरा. ते कॉपी करा. मग १९२० × १०८० मापाचं नवं चित्र उघडा (४के टीव्ही असेल तर ३८४० × २१६०) आणि बकेट फिल वापरून कॉपी केलेला नमुना सगळीकडे भरा. सगळ्या चित्रभर एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेषा तयार होतील. फाइल पीएनजी प्रकारातच सेव्ह करा. जेपीजीमध्ये दाब (कॉम्प्रेशन) दिल्याने रेषा बिघडू शकतात आणि मग दोष टीव्हीचा की फाइलचा हे कळत नाही.

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. विंडोजमध्ये 'विंडोज' आणि 'पी' ही बटणं एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा निवडा. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवलं तर लॅपटॉपचं रिझोल्यूशन टीव्हीवर लादलं जाऊ शकतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन पॅनेलच्या नेटिव्ह मापावर आणि स्केल १०० टक्क्यांवर ठेवा. चित्र पूर्ण पडद्यावर, १०० टक्के मापात उघडा. पेनड्राइव्हवरून टीव्हीच्या फोटो अ‍ॅपमध्ये ही चाचणी करू नका: बऱ्याच ४के टीव्हींचे मेनू आणि फोटो अ‍ॅप आतून १०८०पीतच चित्र तयार करतात, त्यामुळे निकाल फसवा येतो.

आता पडद्यापासून वीतभर अंतरावर जाऊन पाहा. डावीकडून उजवीकडे सगळीकडे सारख्या, कडक काळ्या-पांढऱ्या रेषा दिसल्या तर पिक्सेलास पिक्सेल जुळला आहे. रेषांऐवजी बोटभर किंवा हातभर रुंदीचे करडे पट्टे दिसले, किंवा रेषा मध्येच फिक्या, मध्येच गडद होत गेल्या, तर टीव्ही चित्र ताणतो आहे. त्याचं कारण जवळजवळ नेहमी ओव्हरस्कॅन असतं.

जुन्या काळी प्रक्षेपणाच्या चित्राच्या कडा लपवण्यासाठी टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापत असत. ती सवय सपाट टीव्हींतही शिल्लक राहिली आहे. ५ टक्के ओव्हरस्कॅन असेल तर १९२० × १०८० पैकी फक्त १८२४ × १०२६ पिक्सेल उरतात आणि तेच सगळ्या पॅनेलवर ताणले जातात. कडा तर जातातच, शिवाय संपूर्ण चित्र मऊ होतं. पिक्चर साइझच्या मेनूत याचा पर्याय सापडतो. सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सोनीमध्ये 'फुल पिक्सेल', इतरत्र 'डॉट बाय डॉट' किंवा '१:१' अशी नावं दिसतात. हे सेटिंग बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळं साठवलं जातं. लॅपटॉपच्या पोर्टवर बदललं म्हणजे प्लेअरच्या पोर्टवरही बदललं असं समजू नका.

रेषा कडक झाल्या की त्यांच्याकडे पाहत पाहत मागे सरका. चष्मा असेल तर लावा. एका ठिकाणी रेषा विरघळून पडदा सपाट करडा दिसू लागेल. तिथे थांबा, डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेपने मोजा. ही तुमच्या डोळ्यांची या पॅनेलसाठीची खरी हद्द. नेहमीची जागा त्याच्या मागे असेल तर या मापाच्या पडद्यावर जास्त पिक्सेलांचा उपयोग तुम्हाला होणार नाही. पुढे असेल तर होईल. घरातल्या प्रत्येकाने मोजावं, कारण एकाच घरात अर्ध्या मीटरचा फरक सहज निघतो. आणि ध्यानात घ्या की काळ्यावर पांढरी रेष हा सर्वांत सोपा तपशील आहे. सिनेमातले केस, कापडाची वीण, झाडाची पानं यांत इतका विरोध नसतो, म्हणून प्रत्यक्ष सिनेमाची हद्द मोजलेल्या अंतराच्या थोडी अलीकडेच असते.

सिनेमातच किती तपशील आहे

पॅनेल कितीही बारीक असलं तरी चित्रातच नसलेला तपशील ते आणू शकत नाही. फुल एचडी सिनेमा १९२० × १०८० असतो खरा, पण रुंद चौकटीतल्या २.३९:१ प्रमाणाच्या सिनेमात वर-खाली काळे पट्टे असतात आणि प्रत्यक्ष चित्र सुमारे ८०३ ओळींत मावतं. रंगाची माहिती तर त्याहूनही कमी असते. ब्लू-रे आणि स्ट्रीमिंगमध्ये प्रकाशाची माहिती पूर्ण मापात, पण रंगाची निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवतात. १०८०पी सिनेमात ती ९६० × ५४० असते.

सिनेमागृहासाठीच्या डिजिटल प्रतीचं माप पुष्कळदा २के, म्हणजे २०४८ × १०८० असतं. कितीतरी सिनेमांचं संकलनोत्तर काम याच मापात होतं आणि ४के आवृत्ती त्यावरून मोठी करून काढतात. २०१० मध्ये आलेला अरी कंपनीचा अलेक्सा कॅमेरा उद्योगात प्रचंड वापरला गेला आणि त्याचं रिझोल्यूशन २.८के होतं. अशा सिनेमाची ४के डिस्क फुल एचडीपेक्षा चांगली दिसते ती एचडीआर (उजेड आणि अंधार यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र), जास्त रंग आणि कमी दाब यांमुळे. ओळींची संख्या त्यात दुय्यम असते.

हालचालीचा मुद्दा लोक विसरतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेममध्ये असतो आणि कॅमेऱ्याचं शटर प्रत्येक फ्रेमला साधारण १/४८ सेकंद उघडं राहतं. एखादी व्यक्ती चार सेकंदांत फुल एचडी चित्र ओलांडून गेली तर ती सेकंदाला ४८० पिक्सेल सरकते, म्हणजे एका फ्रेममध्ये तिची कड १० पिक्सेलांवर पसरते. तिथे ४के तर सोडाच, ७२०पीचाही पूर्ण उपयोग होत नाही. जास्त रिझोल्यूशनचं सुख मिळतं ते स्थिर चौकटीत: चेहऱ्याचा जवळचा शॉट, शांत निसर्ग, सावकाश सरकणारा कॅमेरा.

फाइलचा बिटरेट: इथे खरी गफलत होते

फाइलच्या नावात '१०८०पी' लिहिलं आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चित्राला सेकंदाला किती माहिती मिळते ते पाहा. हिशेब सोपा आहे: फाइलचं माप जीबीत घ्या, २.२ ने गुणा, सिनेमाच्या तासांनी भागा. उत्तर एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट) येतं. अडीच तासांचा सिनेमा दीड जीबीत असेल तर १.५ × २.२ ÷ २.५ = सुमारे १.३ एमबीपीएस, आणि त्यात आवाजही आला. ब्लू-रे डिस्कला चित्रासाठी ४० एमबीपीएसपर्यंत मुभा असते. १.३ मध्ये २०.७ लाख पिक्सेल कसेबसे भरले जातात, दिसतात ते फक्त नावाला.

एच.२६४ कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) १०८०पी फाइलला ८ ते १० एमबीपीएस मिळाले तर चित्र समाधानकारक असतं. ३-४ च्या खाली अंधारे प्रसंग तुटू लागतात. एच.२६५ला तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मा बिटरेट पुरतो. म्हणूनच कमी बिटरेटच्या १०८०पी फाइलपेक्षा तेवढ्याच जीबीची ७२०पी फाइल बरेचदा जास्त स्वच्छ दिसते, कारण कमी पिक्सेलांना जास्त माहिती वाट्याला येते. नेमका कोडेक पाहायचा असेल तर व्हीएलसीमध्ये सिनेमा चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा.

खराब फाइल ओळखायची असेल तर उजेडातले प्रसंग पाहू नका. रात्रीची भिंत, धूर, धुकं, पाण्याच्या लाटा, पाऊस शोधा. भिंतीवर चौकोनी ठिगळं हळूहळू सरकताना दिसली तर बिटरेट कमी आहे. आकाशात किंवा दिव्याभोवती रंगांची स्थिर वलयं दिसली तर कारण वेगळं असतं. आठ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, आणि टीव्हीचं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट त्यांना ताणून पायऱ्या उघड्या पाडतं. ते बंद करून पाहा. मोठा आणि जास्त रिझोल्यूशनचा टीव्ही हे सगळे दोष झाकत नाही, ते मोठे करून दाखवतो. ७२० × ५७६ ची डीव्हीडी ४के पॅनेलवर लावली तर एका पिक्सेलाला वीस पिक्सेल व्यापावे लागतात. जुना संग्रह नव्या टीव्हीवर वाईट दिसतो तो यामुळे.

स्ट्रीमिंगला सुरुवातीची काही सेकंदं कमी दर्जाचं चित्र येतं, तेव्हा अर्धा मिनिट थांबून मगच मत बनवा. नेटफ्लिक्स १०८०पीसाठी किमान ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग सांगतं. प्लॅनमध्ये ते रिझोल्यूशन समाविष्ट आहे ना तेही पाहा. अँड्रॉइडवरच्या स्टिक किंवा बॉक्सला वाइडवाइन या कॉपी-संरक्षण यंत्रणेचा एल१ दर्जा नसेल, फक्त एल३ असेल, तर बहुतेक सेवा एचडी देतच नाहीत. टीव्ही ४के, नेट भरपूर, तरी चित्र डीव्हीडीसारखं, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

सेटिंग लावण्याचा क्रम

पहिल्यांदा प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट. काही बॉक्स मुळातून ७२०पीवर ठेवलेले असतात. मग १०८०पी सिनेमा आधी ७२०पी होतो आणि टीव्ही तो पुन्हा ताणतो. आउटपुट पॅनेलच्या मापाला किंवा सिनेमाच्या मूळ मापाला ठेवा, म्हणजे चित्र एकदाच मोजलं जाईल. एचडी रेडी टीव्ही १०८०पी सिग्नल घेत असेल तर तोच द्या: जास्त माहितीवरून आकसलेलं चित्र, कमी माहितीवरून ताणलेल्यापेक्षा चांगलं असतं. त्या टीव्हीवर १०८०पी फाइल पूर्णपणे वाया जात नाही ती याचमुळे.

मग पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. 'व्हिव्हिड' मोड दुकानातल्या झगझगाटासाठी असतो. कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, डोळा सरावेल. शार्पनेस हे नाव फसवं आहे. ते तपशील वाढवत नाही, कडांभोवती पांढरी रेघ ओढतं. सबटायटलच्या अक्षरांकडे पाहत ते कमी करत जा आणि अक्षराभोवतीची पांढरी कड नाहीशी झाली की थांबा. पुष्कळ टीव्हींवर हा बिंदू शून्याच्या आसपास येतो. सोनीवर मात्र ५० हा तटस्थ आकडा आहे. तिथे शून्य ठेवलं तर चित्र मुद्दाम धूसर होतं. नॉइज रिडक्शन ब्लू-रेसाठी बंद, कमी बिटरेटच्या फाइलसाठी 'लो'. ते जास्त ठेवलं की चेहऱ्यावरची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते आणि फिल्मचा दाणा पुसला जातो.

मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. त्याऐवजी प्लेअरमध्ये '२४पी' किंवा 'मॅच फ्रेम रेट' चालू ठेवा. ६० हर्ट्झ आउटपुटमध्ये २४ फ्रेम बसवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते, आणि सावकाश सरकणाऱ्या शॉटला हलके धक्के बसतात. हे धक्के लोक 'टीव्ही क्लिअर नाही' अशा शब्दांत सांगतात, म्हणून इथे त्याचा उल्लेख केला.

४के असूनही ४के येत नसेल

रिमोटच्या इन्फो बटणाने येणारं रिझोल्यूशन पाहा. २१६०पी ऐवजी १०८०पी दिसलं तर साखळीतला एखादा दुवा अडवतो आहे. संरक्षित ४के सिनेमाला एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी व्यवस्था) लागतं, आणि ते प्लेअर, ऑडिओ रिसीव्हर, स्प्लिटर, टीव्ही या सगळ्यांत असावं लागतं. मधला जुना रिसीव्हर किंवा स्प्लिटर काढून प्लेअर थेट टीव्हीला लावा. चित्र आलं तर दोषी सापडला. काही टीव्हींत सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात, तेव्हा पोर्ट बदलूनही पाहा. एचडीआर येत नसेल तर टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू करा: सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील किंवा पडदा मध्येच काळा पडत असेल तर केबल कमी पडते आहे. १८ जीबीपीएससाठी 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली केबल घ्या, लांबी शक्य तितकी कमी ठेवा. त्याहून महाग केबलने चित्र सुधारत नाही. सिग्नल पूर्ण पोचला की पोचला.

पेनड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरा, पण टीव्ही ती पद्धत वाचतो ना ते आधी बघा. नेटवर्कवरून ४के डिस्कची मूळ दर्जाची फाइल चालवताना चित्र अडखळलं तर टीव्हीचं लॅन पोर्ट बघा. पुष्कळ टीव्हींत ते १०० एमबीपीएसचंच असतं, आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रेचा बिटरेट त्याच्या वर जाऊ शकतो. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तारेपेक्षा जलद पडतं.

नवा टीव्ही निवडताना

आधी अंतर मोजा, मग माप ठरवा, रिझोल्यूशन त्यानंतर. ३२ इंच आणि दोन मीटर अंतर असेल तर एचडी रेडी पुरतं. तरीही किमतीत फार फरक नसेल तर फुल एचडी घ्या, कारण ते सिनेमाच्या मापाशी जुळतं आणि संगणक जोडला तर अक्षरं स्वच्छ दिसतात. ५० इंचांच्या वर आज निवड जवळपास उरलेलीच नाही, पॅनेल ४केच मिळतं. तिथे प्रश्न रिझोल्यूशनचा नसून कॉन्ट्रास्टचा, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागातल्या फरकाचा आहे. व्हीए प्रकारचं एलसीडी पॅनेल साधारण ३,००० ते ५,००० : १ कॉन्ट्रास्ट देतं, आयपीएस सुमारे १,००० : १. ओएलईडीत काळा पिक्सेल पूर्ण विझतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्याला हा फरक चार मीटरवरूनही दिसतो, पिक्सेलांचा दिसत नाही. आयपीएस घ्यावं ते बाजूला बसून पाहणारे जास्त असतील तेव्हा.

एचडीआर या शब्दाचीही शहानिशा करा. एचडीआर सिनेमे बहुधा १,००० किंवा ४,००० निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचं एकक) उजेडासाठी तयार केलेले असतात. तीनशे निट्सचं पॅनेल तो सिग्नल स्वीकारतं, पण त्यातला झगमगाट दाबूनच दाखवतं; अशा टीव्हीवर एचडीआरमध्ये चित्र काळवंडल्यासारखं वाटलं तर तोच सिनेमा साध्या एसडीआरमध्ये लावून पाहा. काही स्वस्त ४के पॅनेलांत लाल, हिरव्या, निळ्या उपपिक्सेलांबरोबर पांढरा मिसळून एकूण उपपिक्सेल कमी केलेले असतात. वर सांगितलेल्या रेषांच्या चाचणीत, आणि विशेषतः काळ्यावर बारीक रंगीत अक्षरं लावली की, ते उघडं पडतं. दुकानात तीच पीएनजी फाइल लॅपटॉपवर घेऊन जा. तुमच्या परिचयाच्या सिनेमातला एक अंधारा प्रसंगही पेनड्राइव्हवर ठेवा. टीव्ही 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणायला सांगा आणि घरी मोजलेल्या अंतरावर उभं राहून पाहा.

प्रोजेक्टरचा हिशेब मात्र उलटा आहे. १०० इंची पडद्याची उंची सुमारे १२५ सेंटिमीटर, म्हणजे फुल एचडीचं सीमाअंतर ४ मीटर. घरातल्या खोलीत बहुतेक जण याच्या आत बसतात. तिथे रिझोल्यूशन खरोखर मोलाचं आहे: नेटिव्ह ७२०पी प्रोजेक्टरवर तीन मीटरवरून पिक्सेलांची जाळी जाणवते आणि नेटिव्ह फुल एचडीपेक्षा कमी काही घेऊ नये. प्रोजेक्टरवर चाचणी करताना कीस्टोन दुरुस्ती शून्यावर ठेवा. ती चित्र तिरकं ताणून प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजते, आणि रेषा कडक असायला हव्यात तिथे करडे पट्टे उमटतात. पडद्याशी काटकोन जुळेपर्यंत प्रोजेक्टरच हलवा.